खिडकी लावा आधी

— बसतो हो, बसतो, पण कशावर? हिला खुर्ची म्हणायचं? माझा एक गुडघा यात मावला तरी पुष्कळ झालं. आणि ती खिडकी लावा आधी, बाई, सगळं वारं मानेवर येतंय. काय? मुलांना मोकळी हवा लागते? लागत असेल. मी मूल नाही, मी भिंगरीचा आजोबा. तुम्हीच ना सुनेपाशी निरोप धाडलात — आजोबांना एकदा पाठवा, आणि तोवर घरातली खिडकी बंद करू नका म्हणावं. वा. घर माझं, खिडकी माझी, आणि हुकूम बालवाडीतून.

मी मघापासून दारातच उभा होतो. बघत होतो तुमचं शिकवणं. तो नाकातून गंगा वाहणारा पोरगा तुम्हाला मुंगीची गोष्ट सांगत होता आणि तुम्ही चक्क फरशीवर बसून, त्याच्या नाकासमोर नाक आणून ऐकत होतात. मुंगी भिंतीवर चढली — हं, मग? — मग पडली — हं, मग? — मग परत चढली. अहो, मग काय मग? मुंगी आहे, चढणारच. दुसरं काय करील ती, नोकरी? आणि याचा पगार मिळतो तुम्हाला. मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पट्टा सुरू झाला की शेजारचा बोंबलला तरी ऐकू यायचं नाही. गिऱ्हाइकाला एकच विचारायचं — जाडं का बारीक? — की झालं. कुणाचं काही अडलं नाही. माझा पोरगा त्याच आवाजात लहानाचा मोठा झाला, एकदा तरी म्हणाला का, बाबा, माझं ऐका म्हणून? नाही म्हणाला. आता तर काहीच म्हणत नाही, येतो, जेवतो, झोपतो. गुणी आहे.

खिडकीचं सांगतो ना, सांगायलाच आलोय. तिची आजी गेल्यापासून ही कार्टी सकाळी उठली की दात घासायच्या आधी स्टुलावर चढते आणि खिडकी उघडते. स्टूल लटपटतं, ते वेगळंच. ती उघडते, मी लावतो. मी पाठ फिरवली की परत उघडी. थंडीचे दिवस, घरात सगळे खोकतायत, आणि ही उघड्या खिडकीसमोर हसत उभी. रागावून झालं, समजावून झालं — म्हणजे रागावूनच झालं — शेवटी परवा मी कडीला सुतळी बांधली. पोत्याच्या तोंडाला मारतो ती गाठ, कुणाच्या बापाला सुटायची नाही. तर अशी रडली, अशी रडली, की शेजारीण विचारायला आली, पडली का म्हणून. आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. एवढीशी चिमूट, पण अबोला बघा. जेवताना म्हणते कशी, आई, त्यांना सांग, पाणी सरकवा. त्यांना! मी 'त्यांना' झालो. आत्ता इथं आलो, बोट पुढं केलं, तर हात पाठीमागे. बसलीय ती बाहेर पायरीवर, चपला उलट्या घालून. सरळ करायला गेलो तर पाय आखडून घेतले.

खोड आजीची उचललीय, दुसरं काय. तीही अशीच. आमची गिरणी घराला लागून, वारं शिरलं की पीठ उडायचं, निम्मं गिऱ्हाइकाच्या डब्यात आणि निम्मं माझ्या डोक्यावर. म्हणून मी खिडकी लावायचो. ती उघडायची. म्हणायची, जीव कोंडतो. मी म्हणायचो, पीठ उडतं. अख्खा संसार या दोन वाक्यांवर केला आम्ही. गिरणी विकली, पीठ गेलं, तरी चालूच. आता रात्री कडी लावली तर मागून कुणी काही बोलत नाही, सकाळपर्यंत लावलेली तशीच राहते — तर ते असो. मी भिंगरीचं सांगत होतो.

तुम्ही 'हं' कशाला म्हणताय मधे मधे? ते तुमचं 'हं, मग?' माझ्यावर चालवू नका.

तिला काय सांगितलं? कधी, आजी गेली तेव्हा? काय सांगायचं असतं? सुनेचं चाललं होतं, आजी चांदणी झाली, लांब गावाला गेली, असलं गुळमुळीत. मला नाही जमत. मी सरळ सांगितलं, आजी वारली. तर म्हणते, वारली म्हणजे? म्हटलं, वारली म्हणजे वारली. मग आता ती कुठंय? आता घरात माणसं जमलेली, माझं डोकं ठिकाणावर नाही — म्हटलं, आहे इथंच सगळीकडे, जा, खेळ जा. काय खोटं बोललो?

काय म्हणालात?

पुन्हा सांगा. कान चांगले आहेत माझे, तरी पुन्हा सांगा. — वारली म्हणजे वारा झाली. हे कोण म्हणालं? भिंगरी. तुम्हाला. याच फरशीवर बसून. म्हणजे ती स्टुलावर चढून रोज सकाळी — आजीला आत —

आणि मी सुतळी बांधली.

अक्कल बघा पोरीची. वारली, वारा. माझ्या जन्मात नाही सुचलं. पण तुम्ही शिकलेल्या ना, मग तिथल्या तिथं सांगायचं नाही, बाई, की तसं नसतं म्हणून? नाही सांगितलंत. नुसतं ऐकलंत. बरोबर, तुम्हाला येतं काय दुसरं. — काय म्हणाली आणखी? पडदा हलला की आजी आली. हं. मग? — मग ती आजीला बालवाडीतलं सगळं सांगते. हं. — मग आजोबा येतात आणि आजीच्या तोंडावर खिडकी लावतात.

असं म्हणाली.

आणि तुम्ही खाली कधी बसलात? उठा, उठा, मी काय चार वर्षांचा आहे? मळतील कपडे त्या फरशीवर. नको, तिला आत बोलावू नका. मीच जातो पायरीवर, बसतो कसातरी तिच्या खाली एक पायरी सोडून, बोलली तर बोलली. ती गाठ काही सुटायची नाही, कापावीच लागेल, ते माझं मी बघतो. तुम्ही तेवढं या खुर्चीतून सोडवा मला. — हां. आणि तिकडं कुठं निघालात? खिडकीवरचा हात काढा. लावा म्हणालो होतो, ते मघाशी.