हळू विचारलेला प्रश्न

कोपरखैरण्यातल्या दातांच्या दवाखान्यात रंगूबाई दुखरा गाल धरून नंबरची वाट बघत होत्या. शेजारी उत्कर्षा मैत्रिणीशी बोलत होती. तिची आठ वर्षांची ऋता काचेच्या टाकीतले मासे बघत बसली होती.

“आम्ही शाळेचं टेन्शनच घेत नाही. ऋता विचारेल तेच शिकवायचं.”

“म्हणजे कसं?”

“तिने एकदा विचारलं, मुंग्या रांगेतच का चालतात? लगेच पुस्तकं मागवली, चार्ट केला. रोज संध्याकाळी तासभर मुंग्या.”

“आवडलं तिला?”

“आवडणारच ना, तिचाच प्रश्न. मग चंद्र झाला. मग इडली का फुगते ते झालं. त्याची तर मी टेस्टपण घेतली.”

“आता काय चाललंय?”

“आता काही नाही. हल्ली विचारतच नाही. बहुतेक सगळं समजलंय तिला.”

ऋता हळूच रंगूबाईंकडे सरकली.

“आजी, मासे झोपतात कधी? हळू सांगा. आईने ऐकलं तर माशांचा क्लास सुरू होईल.”

“मला बी ठाव न्हाय गं.”

“खरंच?” ऋता त्यांना टेकून बसली. “मग बघत बसू.”