तळघरात ऊन

...आणि वर मलाच विचारतात, "उन्हाचा कसला फोटो? ऊन काय, रोजच पडतं!" रोज पडतं! अहो, रोज पडतं म्हणून काय रोज सापडतं का? तुम्हाला सांगतो, उन्हाचा फोटो काढायला नुसतं ऊन असून चालत नाही! हे वाक्य माझं नाही, हे माझ्या चौदा सकाळींचं आहे. बसा, ऐका. नाही, बसाच.

मी एक्स-रेवाला. इस्पितळाच्या तळघरात सव्वीस वर्षं. तळघर म्हणजे खरंखुरं तळघर, खिडकी नावाची वस्तू नाही. थंडीच्या दिवसांत तर मी उजाडायच्या आत आत जातो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. "श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका... सोडा!" दिवसाला ऐंशी वेळा. झोपेतसुद्धा म्हणतो म्हणे. बायको सांगते, आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत तीसुद्धा बिचारी श्वास धरून पडून असते, सवयीनं!

तर माझ्या खोलीबाहेर एक बोळ आहे. तिथं एक बाकडं, आणि बाकड्यासमोर एक भिंत. कोरी. पेशंट तिथं बसतात आणि दोन-दोन तास ती भिंत वाचतात. एकदा एक बाई बसल्या होत्या, हातात पाकीट, सकाळपासून या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडून दमलेल्या. मी नंबर पुकारायला बाहेर आलो तर मला म्हणतात, "अहो, बाहेर अजून ऊन आहे का हो?"

आणि मला सांगता येईना!

घड्याळात बघितलं, दुपारचे तीन. असेलही ऊन, नसेलही. मी म्हटलं, "असेल, असेल." त्या 'असेल'ची मला इतकी लाज वाटली ना... सव्वीस वर्षं मी लोकांच्या हाडांच्या आतलं अचूक सांगतोय आणि डोक्यावर ऊन आहे का नाही ते ठाऊक नाही! तसाच तडक व्यवस्थापकांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, त्या भिंतीवर मला ऊन पाहिजे."

साहेब नाकातून बोलतात. "ऊन? तिथं आपण 'थुंकू नये'चा बोर्ड लावतोय."

"बोर्ड नाही. ऊन! झाडांमधून खाली येतात ना, लांबच्या लांब किरण, तसा मोठा फोटो. मी काढून आणतो."

"पंधरा दिवसांत आणा. नाहीतर बोर्ड तयारच आहे."

झालं! पेटलो मी. कॅमेरा होताच, मागे कधीतरी हौसेनं घेतलेला डिजिटल, पेटीत पडून होता. पहिल्याच रविवारी भर दुपारी गावाबाहेरच्या माळावर गेलो. ऊन म्हणजे असं ऊन, की कानाची पाळी भाजली! काढले साठ फोटो. घरी येऊन बघतो तर काय... माळ. साठ वेळा माळ. किरण एक नाही! माझा मेव्हणा, ज्याला जगातलं सगळं कळतं आणि जो कुठलीच गोष्ट स्वतः करत नाही, तो सोफ्यावर आडवा होता. म्हणाला, "भाऊजी, उन्हाचा फोटो काढायला नुसतं ऊन असून चालत नाही. किरण दिसायला हवेत काहीतरी तरंगायला लागतं. धुकं, धूळ, धूर! कशाला वणवण करता? द्या इकडे, कॉम्प्युटरवर टाकून देतो. किती टाकू? पाच? का सात?"

किती टाकू! जसे काही कपात साखरेचे चमचे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे, सव्वीस वर्षांत मी कुणाच्या फोटोत नसलेलं हाड टाकलं नाही, आणि असलेली चीर पुसली नाही! ज्याच्या आत जे आहे तेच दाखवलं! आणि आता त्या बोळात घाबरून बसलेल्या माणसाला मी खोटं ऊन दाखवू?" मेव्हणा म्हणाला, "कळणारे का कुणाला?" मी म्हटलं, "मला कळेल!" एवढं बोलून दार आपटून बाहेर पडलो. मग लक्षात आलं की घर माझंच आहे. परत आत आलो.

मग सुरू झाल्या माझ्या सकाळी. दुपारची पाळी मागून घेतली. गावाच्या कडेला एक राई आहे, उंच सरळ झाडांची. पहाटे तिथं जाऊन उभा राहायचो. पहिल्या दिवशी धुकं, पण सूर्य नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य, पण धुकं नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही होतं, कॅमेऱ्याची बॅटरी नव्हती! चौथ्या दिवशी पाऊस. सूर्य आणि धुकं म्हणजे भांडलेले दोन भाऊ, हा आला की तो उठून जाणार!

बाराव्या दिवशी बायको म्हणाली, "मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"धूळ करते," म्हणाली, आणि दारातली तिन्ही पायपुसणी काखेत मारली!

राईत पोचलो. सूर्य वर आलेला, धुकं गायब. ही एका झाडामागे गेली आणि पायपुसणं असं काही झटकलं, असं काही झटकलं... तुम्हाला सांगतो, माझ्याशी केलेला सव्वीस वर्षांचा संसार होता त्या हातात! आणि काय सांगू, उमटले! किरण उमटले, एक, दोन, तीन, लांबच्या लांब! मी कॅमेरा उचलला आणि... आक् छी! ती तिकडून आक् छी, मी इकडून आक् छी! धूळ खाली, किरण गायब, आणि समोर वनरक्षक उभा!

"काय चाललंय?"

"फोटो."

"पायपुसण्याचा?"

"उन्हाचा!"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग पायपुसण्याकडे. मला वाटलं, आता हा दंड करतो. मी आधीच सांगून टाकलं, "करा दंड! पण ऊन घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही!" तर तो खाली बसला, बूट काढला, त्यातला खडा झटकला आणि म्हणाला, "इथं उभं राहून जन्मात मिळायचं नाही. ओढ्याच्या वळणावर जा. रात्री आभाळ निरभ्र असेल तर पहाटे पाण्यावरचं धुकं झाडांत शिरतं. सात वाजून वीस मिनिटांनी सूर्य टेकडीवर येतो. पाच मिनिटं असतं सगळं. मी रोज बघतो." रोज बघतो! आणि सांगतोय कसा, जसं काही दूधवाल्याची वेळ सांगतोय!

तेराव्या दिवशी ढग. चौदावा शेवटचा. दोघंही ओढ्याच्या वळणावर. थंडी अशी की दातावर दात वाजतायत, हिनं माझा जुना स्वेटर घातलेला, डोक्याला मफलर. सात वीस. धुकं होतं! सूर्य आला! आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला तर... पांढरं. सगळं पांढरंफेक! सूर्य थेट भिंगात! सांगितलं ना, उन्हाचा फोटो काढायला नुसतं ऊन असून चालत नाही, ऊन अडवायलाही कुणीतरी लागतं! बरोबर सूर्याच्या जागी एक झाड हवं होतं आणि नेमकं तिथं झाड नव्हतं. चार मिनिटं उरली. मी ओरडलो, "अगं, तू जा! सूर्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहा!"

"मी?"

"धाव!"

धावली हो. गुडघेदुखी आहे तिला, एक्स-रे मीच काढलाय, मला माहितेय त्या गुडघ्यात काय आहे. तरी धावली, ओल्या गवतातून, पोरीसारखी. "डावीकडे! अजून! सूर्याकडे पाठ कर! बस, तिथंच!" आणि सूर्य तिच्या पाठीआड गेला, आणि... अहो, काय सांगू... तिच्या चारी बाजूंनी किरण फुटले! धुक्यातून, झाडाझाडांच्या मधून, थेट माझ्या पायापर्यंत. माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका!" आणि ती हलली नाही. बायकोला अहोजाहो करणारा पहिला नवरा असेन मी! एकच फोटो काढला. मग नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं हिला बघितली ती ट्यूबलाइटखाली. उन्हात अशी उभी कधी बघितलीच नव्हती.

तिकडून आवाज आला, घुसमटलेला, "अहो... सोडू का?"

'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं होतं!

तर असा तो फोटो. साहेबांकडे नेला. म्हटलं, "हा घ्या. खरा. एक किरण वरून टाकलेला नाही." साहेबांनी बघितला, मान डोलावली, आणि आतल्या छपाईखात्यात पाठवला. चार दिवसांनी छापून आला, चांगला चार फूट बाय सहा फूट, आणि निळा! निळा-करडा! मी छपाईखात्यात धावलो. तिथला माणूस म्हणाला, "पिवळी शाई संपलीय."

"अहो, ऊन आहे ते! पिवळ्याशिवाय ऊन?"

"मागणी टाकलीय. तीन महिने."

"मी बाहेरून छापून आणतो!"

साहेब नाकातून म्हणाले, "नियमात बसत नाही. बोर्ड लावू का?"

"बोर्ड नाही!" म्हटलं, "निळं तर निळं, ऊनच लागणार!" शिडी आणली, हातोडी आणली, आणि माझ्या हातानं खिळे ठोकले त्या भिंतीत. दोनदा अंगठ्यावर बसली, मागे हटलो नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पेशंट आले, एक आजोबा. बाकड्यावर बसले आणि फोटोकडे बघायला लागले. दोन मिनिटं, पाच मिनिटं. पापणी लवत नाही. मी दाराआडून बघतोय. म्हटलं, बघ, पोचलं! एका माणसापर्यंत का होईना, ऊन पोचलं! राहवेना. बाहेर गेलो, शेजारी बसलो. म्हटलं, "कसं वाटतंय, आजोबा?"

आजोबा हळूच म्हणाले, "बरगड्या छान आल्यात. पण छातीत मधोमध हा एवढा मोठा काळा डाग... काढता येईल का हो?"

म्हटलं, "आजोबा, ती माझी बायको आहे."

आजोबांनी पुन्हा एकदा नीट निरखून बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"मग नाही निघायची."