फुलं लावलेली काळी पेटी

पुरवणी जबाब, दि. १९ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ५ वा. १० मि.

मी, सायमन यहोशवा वैरागर, वय ४७ वर्षे, धंदा – साखर कारखान्यात वायरमन, रा. रेल्वे लाइनपलीकडे, श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर, आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की,

माझी सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटार आज दुपारी २ वा. ४० मि. सुमारास कोल्हार येथे सुस्थितीत मिळाली. ती माझीच असल्याची खात्री तपासावरील पोलीस हवालदार सविता मॅडम यांनी दोन पंचांसमक्ष केली आहे. गिटार चोरीला गेलेली नव्हती. रविवार दि. १६ रोजीच्या फिर्यादीत मी ज्यांच्यावर संशय घेतला ते कानिफनाथ बनकर, वय ५२ वर्षे, धंदा – पिठाची गिरणी, रा. सोनई, यांचा यात काहीही संबंध नाही. त्यांचे नाव फिर्यादीतून खोडावे अशी मी विनंती केली. लिहून झालेले खोडता येत नाही, पुढे जोडता येते, असे मॅडमनी सांगितले. म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे.

सदर गिटार मी जून महिन्यात कानिफनाथ यांच्याकडून जुनी विकत घेतली. पूर्वी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. या गिटारीच्या मध्यभागी भरीव लाकूड असून दोन्ही बाजू पोकळ असतात आणि वरच्या फळीला दोन लांबट भोके असतात. घेतेवेळी आवाज दबका होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. कानिफनाथ मला म्हणाले होते, "वायरमन, आवाज बसलाय तिचा. वाजवायला घेताय का भिंतीला टांगायला?"

घरी आणून मी भोकातून बॅटरी मारली, तेव्हा आत स्पंज कोंबलेला दिसला. स्टेजवर मोठ्या आवाजात पोकळ गिटार शिट्टी मारते, ती बंद करण्यासाठी तो भरला होता. वाकवलेल्या तारेने मी तो तुकड्या-तुकड्याने बाहेर काढला. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. नंतर नवीन तारा चढवल्या. तारांखालची, आवाज पकडणारी चुंबके थोडी खाली घेतली. आवाजाची खरखरणारी बटणे बदलली. या गिटारीला मागून झाकण नसते. बटणे दोऱ्याला बांधून भोकातूनच आत सोडावी लागतात आणि पलीकडून ओढून घ्यावी लागतात. काम झाल्यावर लाल दोऱ्याचे एक टोक मी आतल्या वायरीला बांधून तसेच राहू दिले. पाइपातून वायर ओढल्यावर पुढच्या माणसासाठी दोरा आत ठेवायची आम्हा वायरमनची पद्धत आहे.

आवाज मोकळा झाला. तो ऐकायला मी कानिफनाथ यांना आमच्या चर्चच्या कापणीच्या सणाला बोलावले. ते रविवारी सकाळी आले व शेवटच्या बाकावर बसले. उपासनेत मी तीन गाणी वाजवली. उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "हा आवाज तिच्यात हुता हे मला ठाऊक असतं तर विकली नसती." त्यानंतर जेवायला न थांबता, मला न सांगता ते निघून गेले.

सणाला लोक धान्य, कोंबड्या, भोपळे, कांद्याच्या गोण्या देवाला आणतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मी गिटार नेहमीप्रमाणे वेदीच्या पायरीशी ठेवून आईला घरी सोडायला गेलो. परत आलो तेव्हा सुमारे दोन वाजले होते आणि गिटार जागेवर नव्हती. कानिफनाथही नव्हते. मी त्याच संध्याकाळी फिर्याद दिली. संशय कोणावर, असे विचारले असता मी त्यांचे नाव सांगितले. त्यांचे वाक्यही सांगितले.

सोमवारी सकाळी पोलीस सोनईला गिरणीवर गेले. त्या वेळी दळणाची रांग होती. कानिफनाथ यांना इथे आणून तीन तास बसवले. मी समोर होतो. ते मला एवढेच म्हणाले, "सायमनभाऊ, चोरायचीच हुती तर विकली कशाला असती?"

काल, मंगळवारी रात्री आमच्या चर्चमधील दीना टीचर यांना कोल्हारहून त्यांचे मामा पुंजाराम लोखंडे, वय ७०, धंदा – शेती, यांचा फोन आला. "दीना, लिलावात घेतलेली काळी पेटी आज उघडली. मला वाटलं शिलाईचं सामान आसंल. आत वीणेवानी कायतरी हाय, सहा तारांचं. हे देवाला कुनी दिलं?" दीना टीचर लगेच माझ्या घरी आल्या.

खुलासा असा की, गिटार आजवर कापडी पिशवीत असे. कडक काळी पेटी मी शनिवारीच आणली होती आणि ती कोणी पाहिलेली नव्हती. रविवारी पायरीशी भोपळे व गोण्यांची रास होती. मी आईला सोडायला गेलो असताना महिला मंडळाने लिलावाच्या सगळ्या वस्तूंना झेंडूची फुले बांधली, त्यात माझ्या पेटीलाही बांधली. लिलाव पुकारणारे शांतवन काका, वय ७४, यांना मी विचारले. ते म्हणाले, "फुलं लावलेली वस्तू म्या इकायची न्हाई तर काय घरी न्यायची? आन् तू कुठं गेल्तास?" पुंजाराम यांनी बोली का लावली, असे मॅडमनी विचारले. ते म्हणाले, "कुनी बोलंना. देवाची वस्तू तशीच पडून ऱ्हाती, बरं दिसतंय का?" त्यांचे पैसे चर्चने परत देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. बदल्यात एक भोपळा मागितला, तो दिला आहे.

ओळख पटवण्यासाठी आज कानिफनाथ यांनाही फोन केला होता. ते बसने इथे ठाण्यात आले. मॅडमनी भोकातून बॅटरी मारली, आत लाल दोरा दिसला. कानिफनाथ यांनी दोरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. नंतर गिटार मांडीवर घेऊन थोडी वाजवली. ठाणे अंमलदारांनी पंखा बंद करायला सांगितले. वाजवून झाल्यावर कानिफनाथ म्हणाले, "पंधरा वर्सं हिच्या पोटात स्पंज कोंबून वाजवली. रविवारी ऐकवंना, म्हनून निघालो."

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. गिटार ताब्यात मिळाली.

हा जबाब मॅडमनी मोठ्याने वाचला. कानिफनाथ बाकावर बसून ऐकत होते. "पंधरा न्हाई, सतरा वर्सं," अशी दुरुस्ती त्यांनी सांगितली, ती इथे नोंदवली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

उद्या, गुरुवारी, सकाळी नऊ वाजता मी गिटार व स्पीकर घेऊन सोनईला गिरणीवर जाणार आहे. हीच वेळ का, असे मॅडमनी विचारले. पोलीस आले तेव्हा रांगेत जेवढी माणसे होती तेवढी तिथे असावीत, म्हणून. वाजवायचे झाले तर गिरणी पाच मिनिटे बंद ठेवू, असे कानिफनाथ यांनी सांगितले आहे.