पिंपळपान ठेवलेलं पान

आणीबाणीतला मे महिना. नागपुरात तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या, एक आजी आणि एक शिकलेली दिसणारी बाई. नऊवारीतल्या आजीनं मुलासाठी आणलेलं पुस्तक शिपायानं नुकतंच परत केलं होतं.

“बाई, तुमाले वाचता येते ना? पिंपळपान ठेवलं, तिथलं वाचा जरा.”

“ही तर राज्यघटना आहे, आजी.”

“हो. आमचा देवराव बुद्धवंदना झाली का रोज एक पान वाचून दाखवे. त्यालेच उचललं.”

“‘कायद्याने ठरवलेल्या रीतीवाचून कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही.’”

“शाईनं खोडलं तं नाही ना कोणी?”

“नाही. जसंच्या तसं आहे.”

“मंग वकील काहून म्हणते, अर्ज चालत नाही म्हणून?”

“आणीबाणी आहे तोवर हे कोर्टात मागता येत नाही. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं गेल्याच महिन्यात सांगितलं.”

“जीवबी मागता येत नाही?”

“नाही.”

“तुमचं कोण हाये आत?”

“आमचे हे. दहा महिने झाले.”

“मंग तुमच्या घरी असनच हे पुस्तक.”

“नाही.”

“काहून? धरमपेठेतले शिकलेले लोक तुमी.”

“हे म्हणायचे, ते तुम्हा लोकांचं पुस्तक आहे.”

रांग दोन पावलं सरकली.

“आजी, द्या, मी धरते ते थोडा वेळ.”

“धरा. अन् आणखी एक डाव वाचा. आता तुमच्या मालकासाठी वाचा.”