सगळ्यांच्या माथ्यावर अण्णा

ड्यूटी संपवून टायपिंगच्या दुकानात आलेल्या नर्सबाई आपला नंबर यायची वाट बघत वैतागल्या होत्या. पुढचे आजोबा दुकानातल्या ताईंसमोरून हलतच नव्हते.

"आम्हा तिघा भावांच्या आठवणींचं पुस्तक आहे, ताई. ज्याचा भाग, त्याचं नाव पानाच्या माथ्यावर. थोरला अण्णा गेला, म्हणून त्याच्या नावाआधी 'कै.' घातलं, तर तिघांच्याही पानांवर 'कै. अण्णा'!"

"तिन्ही भागांचे माथ्यावरचे हेडर एकमेकांना जोडलेत, काका."

"मग माझ्या भागात माझं नाव घातलं, तर अण्णाच्या पानांवरही मीच! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"ही जोडणी काढली की झालं. धाकट्यांनी पाहिलं का हे?"

"पाहिलं ना! अण्णाच्या आजारपणापासून धाकट्यानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पानं पाठवली, तर लगेच फोन. म्हणे, 'जाता जाता अण्णानं माझ्या आठवणीही नेल्या का?'"

"अगं बाई! चिडले असतील."

"चिडलाय तर! रोज फोन करून विचारतो, दुरुस्त झालं का?"

"आता झालंच समजा. हे एक बटण दाबलं की..."

"थांबा, थांबा! मग उद्या तो फोन कशाला करेल?"