वायर किती लांब?

अरे, मी जर्मनीत, कार्ल्सरूहेला पीएचडी करत होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या फ्लोमार्क्टात, म्हणजे जुन्या बाजारात, मला हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर चक्क आपला कॉन्ट्रा मिळाला! लहानपणी मी आणि दादा टीव्हीसमोर मांडी घालून जोडीनं गोळ्या झाडायचो ना, तोच. आठवडाभर ट्राममध्ये येता-जाता खेळलो आणि रविवारी नाशिकला फोन लावला.

"दादा, कॉन्ट्रा संपवला!"

"एकट्यानं?"

"मग काय करू? जोडीनं खेळायचं तर दुसरं मशीन लागतं, आणि दोन्ही जोडायला एक वायर."

  दादा हळूच म्हणाला, "ती वायर किती लांब असते रे?"