घासलेला दगड

नेमावरच्या घाटावर नाव पलीकडून यायची होती. मास्तर उमाशंकरपंत ट्रंकेवर बसून वाट पाहत होते. शेजारी एक प्रौढ बाई गाठोडं घेऊन बसल्या होत्या. त्यांचे दीर पुढ्यात उभे होते.

“वहिनीसाहेब, एका दगडापायी घर सोडून माहेरी निघालात?”

“दगड? सोनकच्छला विहिरीच्या खोदाईत सापडला, तेव्हा तुमच्या भावानं बैलगाडीत मांडीवर धरून देवासला आणला होता. आत जांभळे स्फटिक, त्यांवर कापसासारखे पांढरे तंतू. फुंकरीनंही मोडायचे.”

“मला ती बुरशी वाटली! असे दगड जमवणारा तो साहेब विकत घ्यायला येणार, म्हणून चिंचेनं घासून लख्ख केला.”

“मला विचारलंत?”

“तुम्ही नको म्हणाला असतात.”

“आणि साहेब काय म्हणाला, तेही सांगा.”

“म्हणाला, ते तंतू बघायलाच तर मी आलो होतो.”

“परक्याला कळलं! हे होते तोवर रोज सकाळी कपाट उघडून त्याच्याकडे बघत बसायचे, तेव्हा तुम्ही कुठं बघत होतात, भावजी?”

“चूक झाली म्हणतो ना!”

“घासलात ती चूक. मी जिवंत असताना विकायला काढलात, ती?”

तेवढ्यात नाव काठाला लागली.

“दोनों बैठोगे, माँजी?” नावाड्यानं विचारलं.

“एकटीच.”

दीर गाठोडं उचलायला वाकले.

“हात लावू नका.”

बाई नावेत चढल्या. उमाशंकरपंतांनी ट्रंक सरकवून जागा केली.

“गाठोडं इकडे ठेवा, बाई. इथं पाणी उडत नाही.”

“आता पाण्यानं काय बिघडणार त्या दगडाचं?” म्हणत बाईंनी तरीही पदर गाठोड्यावर ओढून घेतला.